खुडूक कोंबडीचा पंचनामा

१

दशरथ कडवांच्या डोक्याचं जे काही उरलं होतं ते गोदाच्या मागच्या पडवीत भिंतीला टेकून होतं, आणि तिथून हातभर अंतरावर एक खुडूक कोंबडी अंड्यांवर शांत बसली होती.

मंगळवारी दुपारी बारा वाजता गोदा वीटभट्टीवरून भाकरी न्यायला घरी आली, तेव्हा तिला हे दिसलं. तिने आधी कोंबडीकडे पाहिलं, मग माणसाकडे, आणि मग ती ओरडली. शेजारी तिचंच भात कांडायचं मुसळ पडलं होतं. मुसळाच्या टोकाच्या लोखंडी कड्याला केस चिकटले होते. पाच घाव, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पहिल्या घावातच काम झालं होतं. उरलेले चार हौसेचे.

दशरथ कडव हे सोनशेत नगरपंचायतीचे उपाध्यक्ष. कर्जतहून खालापूरकडे जाताना लागणारं सोनशेत दोन वर्षांपूर्वीपर्यंत ग्रामपंचायत होतं. आता चिखल तोच, पण त्याला प्रभाग म्हणतात. शहर झालं म्हटल्यावर शहरात कोंबड्या कशा, हा प्रश्न आला. गेल्या आठवड्यात नगरपंचायतीच्या पथकाने घरोघर फिरून दोनशे बारा कोंबड्या जप्त केल्या. गोदाच्या कातळवाडीतून मात्र पथक हात हलवत परत आलं. वाडीतल्या चौदा झोपड्यांना घर क्रमांकच नव्हते, त्यामुळे नोटीस नेमकी कुणाच्या दाराला चिकटवायची हे ठरेना.

मग सोमवारची सभा. विषय: प्रत्येक घराला परसात दहा कोंबड्या पाळायला परवाना द्यावा का. बाजूने आठ नगरसेवक, विरोधात नऊ, आणि त्या नवांत दशरथभाऊ. चर्चा अडीच तास चालली. त्यात पाच खुर्च्या, एक माइक आणि प्रभाग तीनच्या सदस्यांचे पुढचे दोन दात कामी आले. नगराध्यक्षा रूपालीताईंनी मतदान शुक्रवारवर ढकललं. प्रेक्षकांत गोदाचा नवरा चांगो होता. कमरेला कोयता होता. तो तिथे असतोच, तुमच्याआमच्या खिशात पेन असतं तसा. तो उठून दशरथभाऊंना म्हणाला होता, "माज्या कोंबडीला हात लाव, तुजा हात खांद्यापासून उतरवतो." हे साऱ्या सभागृहाने ऐकलं आणि दोन मोबाइलनी टिपलं.

त्यामुळे मंगळवारी पोलिसांना खुनी शोधायला चाळीस मिनिटं लागली. त्यातली पंचवीस चहाची.

२

"मॅडम, मुद्देमाल आहे, पण टोचतो," उपनिरीक्षक संतोष फोनवर म्हणाला.

ललिता गायकर, वय बावन्न, सरकारी पशुधन पर्यवेक्षक. जनावरांखाली हात घालण्यात तीस वर्षं गेलेली. स्कूटरच्या मागे लसीची बर्फपेटी बांधून ती वाडीत पोचली, तेव्हा दोन शिपाई आपापली बोटं चोखत उभे होते. पंचनाम्यात घटनास्थळावरची प्रत्येक वस्तू नोंदवायची, असा नियम. आणि ही वस्तू जागची हलायला तयार नव्हती.

ललिताने मागून हात सरकवला, कोंबडीला पंखांसकट उचललं आणि काखेत धरलं. खाली पेंढ्यात अंडी होती. प्रत्येकावर कोळशाची फुली.

"अकरा. लिही," ती म्हणाली. मग तिने टोपली उचलली आणि तिथेच थबकली. "संतोष, इकडे बघ."

टोपलीच्या बुडाखाली जमिनीवर रक्त पसरून सुकलं होतं. टोपलीतला पेंढा मात्र कोरडा, स्वच्छ.

"मारामारीत टोपली उलटली असणार," ललिता म्हणाली. "रक्त सांडलं. त्यानंतर कुणीतरी टोपली सरळ केली, पेंढा झटकून पसरला, अंडी गोळा करून मांडली आणि कोंबडी परत बसवली. माणसाचा मेंदू बाहेर आलेला असताना."

"चांगोच असेल. कोंबडी त्याचीच."

"असेल." ती बाहेर आली.

गोदा कुडाला टेकून बसली होती. रडून झालं होतं. "किती अंडी ठेवली होतीस गं?" ललिताने विचारलं.

"तेरा."

"नीट आठव."

"बाई, कोंबडी माजी, अंडी माजी. तेरा." तिने कुडावर बोट दाखवलं. कोळशाच्या अठरा रेघा होत्या, दिवसाला एक. "आज अठरावा दीस. शुक्रवारी पिल्लं निघायची."

"एक मयताच्या खांद्याखाली फुटलंय, फुलीवालं," संतोष म्हणाला. "म्हणजे राहिली बारा. टोपलीत अकरा. बाई मोजायला चुकली, विषय संपला."

तेवढ्यात रस्त्यावरच्या जीपमधून एक आवाज आला. आत एक हवालदार चांगोला काहीतरी समजावून सांगत होता, पट्ट्याने.

गोदा उठली नाही. "त्याला शुक्रवारपरत मारत्याल," ती ललिताला म्हणाली. "मंग तो हो म्हनंल. दमला की तो कशालाबी हो म्हनतो. माज्याशी लगीनबी असंच लागलं." तिने ललिताच्या साडीचा पदर धरला. "सकाळपासून तो रानात लाकडाला गेला व्हता, बाई. येकलाच. कुनी बगितला नाय. माजा मानूस मारत्याल वो हे."

३

"साप," संतोष म्हणाला. "सापाने नेलं एक अंडं."

"आणि उरलेली नीट मांडून गेला. गुणाचा साप."

दोघं वाडीतून चालले होते. ललिता प्रत्येक पडवीत डोकावत होती. संतोषला वाटलं, बाई लसीकरणाला लागल्या.

तिला छळत होतं ते असं. खुनी आला, त्याने मुसळ घातलं, टोपली उलटली, एक अंडं फुटलं. त्याने, किंवा तिने, बारा अंडी गोळा केली. मग त्यातलं एक उचलून का नेलं? खायला? अठरा दिवसांच्या अंड्यात पिल्लू असतं, पिसांसकट. विकायला? खुनाच्या जागेवरून?

बारा अंडी. ललिताने मनातल्या मनात ती टोपलीत मांडून पाहिली. आणि तिचा स्वतःचाच उजवा हात जरासा पुढे झाला.

"देवा," ती म्हणाली.

"काय झालं?"

"मी असते तर एक काढलं असतं." ती थांबली. "आमच्याकडे, खाली भातखाचरातल्या गावांत, कोंबडी विषमावर बसवतात. नऊ, अकरा, तेरा. जोडीत ठेवली की अंडी कुजतात, असं आई म्हणायची. खोटं आहे, मी परीक्षेत तसं लिहून आले. तरी घरी बसवताना माझा हात बारावर थांबत नाही. बारा उरली की एक काढायचं. हे डोकं करत नाही संतोष, हात करतो."

"मग चांगोचा हात..."

"म्हणून तर बघत चाललेय." तिने समोरच्या टोपलीतली कोंबडी वर उचलली. दहा. आधीच्या पडवीत चौदा होती, त्याआधी आठ.

घरातून म्हातारी धोंडूबाई बाहेर आली. "काय गं, माज्या कोंबडीचा बी पंचनामा?"

"आजी, तुमी जोडीनं अंडी ठेवता?"

"पोटाखाली मावत्याल तेवडी ठेवतो. मोजून काय करू? तिला शाळंत घालायचीय?"

ललिताने कोंबडी खाली ठेवली. "ऐकलंस? वाडीतलं कुणी तिथे असतं, तर बारा अंडी बारावरच राहिली असती. गोदाची तेरा होती ती जागा होती म्हणून. हा खालच्या गावचा हात आहे. लहानपणापासून कोंबड्या बसवलेला."

"कोर्टात हे सांगू? माझी वर्दी उतरवतील."

"तोपर्यंत निदान पट्टा तरी उतरव त्या हवालदाराचा."

संतोषने फोन काढला, पण हवालदाराला लावायला नाही; त्यात मयताच्या कॉलची यादी आली होती. "दशरथभाऊंनी सकाळी साडेआठला इथूनच तिघांना फोन केले होते," तो हळू आवाजात म्हणाला. "त्यानंतर भाऊ जिवंत कुणाला दिसले नाहीत."

४

तिघांनाही फोनवर एकच निरोप मिळाला होता. शुक्रवारी आपण बाजू बदलणार आणि परवान्याच्या बाजूने मत देणार. दशरथभाऊंची सदसद्विवेकबुद्धी एकाएकी जागी झाली होती. त्यांच्या प्रभागात वाडीची एकोणसाठ मतं होती, आणि चांगोला आधी सांगावं म्हणून ते सकाळीच त्याच्या घरी गेले होते.

ललिताने बुधवारी तिघांना गाठलं. कारण सांगितलं पक्ष्यांच्या रोगाच्या सर्वेक्षणाचं. संतोष मागे उभा राहून फॉर्म भरल्याचं सोंग करत होता. कोंबडीने टोचल्याच्या खुणा हातांवर शोधून काही उपयोग नव्हता. सोमवारच्या सभेनंतर सोनशेतमध्ये हाताला पट्टी नसलेला प्रतिष्ठित माणूस उरला नव्हता.

पहिले ओमकार साने, बंगल्यांच्या सोसायटीचे सचिव. मुंबईहून शांततेसाठी इथे आलेले आणि कोंबड्यांच्या आरवण्यावर एकशे सात लेखी तक्रारी केलेले. त्यांच्या दिवाणखान्यात छऱ्यांची बंदूक टांगलेली होती. तिने आजवर सहा कोंबडे मारल्याचं त्यांनी हसत सांगितलं. दशरथच्या खुनाचं त्यांना वाईट वाटलं, पण आवाज झाला नाही याचं कौतुकही वाटलं.

"अंडं उबायला किती दिवस लागतात हो?" ललिताने सहज विचारलं.

"आठवडा? फ्रिजमधलं असेल तर जास्त लागत असतील," ओमकार म्हणाले.

दुसरे किशोर लबडे, कोंबडीबंदीचे पुढारी. गेल्या आठवड्यात चौकात कॅमेऱ्यासमोर उभं राहून त्यांनी स्वतःच्या घरच्या सहा कोंबड्यांच्या माना हातांनी पिरगळल्या होत्या. सहावीची मान पूर्ण निघून हातात आली होती. ती क्लिप मोहोपाड्यापर्यंत फिरली.

"दशरथ गद्दार होता," किशोर म्हणाला. "मला मिळाला असता तर मीच मारला असता. लिहून घ्या साहेब. पण कुणीतरी आधी नंबर लावला."

"तुमच्या घरी खुडूक होती ना? आईंनी लस नेली होती."

किशोरने दोन्ही हात खिशात घातले. "होती. नऊ अंड्यांवर. आईच्या समोर तिची मान मोडली आणि अंडी गटारात टाकली. आई त्या दिवसापासून माझ्या हातचं पाणी पीत नाही." मग आवाज चढवून म्हणाला, "तत्त्व म्हणजे तत्त्व!"

तिसऱ्या नगराध्यक्षा रूपालीताई. 'स्वच्छ सोनशेत, सुंदर सोनशेत'च्या फलकावर हात जोडून उभ्या असतात त्याच. घरात उदबत्तीचा घमघमाट. पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, मार्चच्या उन्हात.

"दशरथभाऊ मला थोरल्या भावासारखे," त्या डोळे टिपत म्हणाल्या. "त्या चांगोला भर चौकात फाशी द्यायला हवी. आणि ती वस्ती उठवायला हवी. खुनी राहतात तिथे."

"ताई, तुमचं माहेर कुंभिवली ना? तिकडे घरोघर कोंबड्या."

"होत्या. मला आता पीसही चालत नाही. शिंका येतात."

बाहेर पडल्यावर संतोष म्हणाला, "किशोर. शंभर टक्के. नऊवर बसवलेली, म्हणजे विषम. हात तयार. आणि माना मोडायची सवय."

ललिता स्कूटरची किल्ली तशीच हातात धरून उभी होती. "त्याने अंडी गटारात टाकली," ती म्हणाली.

५

गुरुवारी सकाळी चांगोच्या उजव्या अंगठ्याचं हाड मोडलं. ठाण्याच्या डायरीत 'आरोपी पायरीवर घसरला' अशी नोंद झाली. सोनशेत ठाण्याला पायरीच नाही.

संतोषने हे ललिताला सांगितलं तेव्हा तो तिच्याकडे बघत नव्हता.

"संतोषसाहेब," ती म्हणाली. एरवी ती त्याला साहेब म्हणत नसे. "ज्याने नऊ अंडी गटारात टाकली, तो एका अंड्यासाठी प्रेताशेजारी दोन मिनिटं थांबणार नाही. जी टोपली सरळ करते, तिला ते काढलेलं अंडंही टाकवत नाही. आत पिल्लू आहे. पण त्याला ऊब हवी, लगेच. म्हणजे दुसरी खुडूक कोंबडी हवी, त्याच दिवशी, जवळपास. आता सांग, सोनशेतच्या हद्दीत वाडी सोडून कोंबडी उरलीय कुठे?"

"कुठेच नाही. पथकाने सगळ्या घरांतून..." संतोष थांबला.

"बोल."

"एका घरात पथक गेलं नव्हतं. पथकाच्या आदेशावर जिची सही होती, तिच्या."

"आणि आज विसावा दिवस. उद्या अंडं फुटलं की फुली गेली, पुरावा गेला, आणि चांगो गेला. तू झडतीचा कागद घेऊन ये. मी पुढे होते."

दुपारी तीनला ललिता बर्फपेटी खांद्याला लावून रूपालीताईंच्या जिन्याने थेट गच्चीवर गेली. खाली कुणी अडवलं नाही. सरकारी बाई सरकारी पेटी घेऊन चालली की लोक बाजूला होतात. सोलरच्या मागे पत्र्याची खोली होती. आत तीन कोंबड्या. चौथी प्लास्टिकच्या क्रेटमध्ये बसलेली. ललिताने मागून हात सरकवला.

अकरा अंडी. दहा कोरी. एकावर कोळशाची फुली, आणि आतून टकटक.

"ठेव ते."

रूपालीताई दारात होत्या. हातात नळाचा दोन हात लांब लोखंडी पाइप. बाही वर सरकली होती, आणि मनगटावर चोचीचे सात-आठ लाल ठिपके दिसत होते.

"तुमचं एक सडलं होतं का ताई?" ललिताने विचारलं. अंडं तिने ब्लाउजमध्ये सरकवलं; ऊब हवीच होती. "नाहीतर हे घातल्यावर जोडी झाली असती."

रूपालीताई क्षणभर गोंधळल्या. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी त्यांना समजेल असं काही विचारलं होतं. "रविवारी एक सडकं निघालं," त्या म्हणाल्या. "इथे दहा राहिली, तिथे बारा. एक उचललं, दोन्हीकडचं बसलं."

"आणि दशरथभाऊ?"

"मी समजवायला गेले होते. कोंबडीला परवाना द्यायचा तर खुराड्याची नोंद होणार. खुराडं कुणाच्या घरामागे? म्हणजे घराला क्रमांक. वाडीला क्रमांक मिळाला की ती जागा रिकामी नाही हे कागदावर येणार. आणि आमच्या ह्यांनी ती जागा रिकामी म्हणून बंगलेवाल्यांना लिहून दिलीय. एवढंच समजावत होते. तर तो हसला. म्हणाला, 'तुझ्या गच्चीवरचा कोंबडबाजारपण सभेत सांगतो, मग बघू तुझी स्वच्छता.' हसत होता गं तो! तोंडावर!"

पाइप खाली आला. ललिताचं गळ्याखालचं डावं हाड वाळल्या काटकीसारखं मोडलं. दुसरा घाव पत्र्यावर बसला आणि कोंबड्या किंचाळत तोंडावर उडाल्या. ललिता गुडघ्यांवर पडली. छातीशी एक हात धरलेला होता, म्हणून राहिलेल्या हाताने तिने बर्फपेटी पट्ट्याला धरून गोल फिरवली. पेटीत चार किलो बर्फ आणि शंभर मात्रा लस होती. ती नगराध्यक्षांच्या जबड्यावर लागली आणि जबडा फलकावर दिसतो त्या जागी राहिला नाही. तरी त्या उठल्या. तोंडातून रक्ताचा फेस येत असताना त्यांनी ललिताच्या गळ्याला दोन्ही हात घातले आणि डोकं भिंतीवर आपटलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा आपटायच्या आत संतोष वर आला आणि त्याने झडतीचा कागद तोंडात धरून दोन्ही हातांनी त्यांना ओढलं.

"अंडं?" तो ओरडला.

ललिताने ब्लाउजमधून ते काढलं. फुलीच्या बरोबर शेजारी एक भोक पडलं होतं, आणि भोकातून चोच बाहेर आली होती.

पंचनामा लिहिताना संतोष बराच वेळ थांबला. मुद्देमालाच्या रकान्यात अंडं लिहावं की पिल्लू, याबद्दल नियमांत मार्गदर्शन नव्हतं. शेवटी त्याने लिहिलं, 'फुली असलेलं कवच एक, आतील रहिवासी एक.'

६

शुक्रवारी चांगो सुटला. सभाही झाली. एक नगरसेवक मयत, एक अटकेत. आठ विरुद्ध सात मतांनी ठराव मंजूर झाला. किशोर लबडेने निषेध म्हणून सभात्याग केला आणि दाराच्या काचेतून आरपार गेला. बारा टाके पडले. परवान्यासाठी घर क्रमांक सक्तीचा, असंही ठरावात होतं; कुणाच्या ते लक्षात आलं नाही, किंवा ज्यांच्या आलं असतं त्यांचा जबडा तारेने बांधलेला होता.

पुढच्या सोमवारी नगरपंचायतीचा लिपिक नामा नोंदवही आणि शाईचा पॅड घेऊन कातळवाडीत आला. बरोबर डबा घेतलेला एक रंगारी होता. ललिता डावा हात गळ्यातल्या झोळीत अडकवून दगडावर बसली होती; तपासणी अधिकारी म्हणून सहीला तीच.

चांगो दारात बसला होता. एक डोळा अजून उघडत नव्हता. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

"घर क्रमांक एक," नामा म्हणाला. "कर्त्या पुरुषाचा उजवा अंगठा इथे."

चांगोने प्लास्टर पुढे केलं. नामाने ते पाहिलं, पॅड पाहिला, पुन्हा प्लास्टर पाहिलं.

"डावा चालंल का?" चांगोने विचारलं.

"नियमात उजवा आहे. हाड जुळल्यावर तालुक्याला या. सहा आठवडे लागतील. तोवर घर नोंदवता येणार नाही."

गोदा आतून हात पुसत बाहेर आली. ती नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली आणि वहीकडे बघून म्हणाली, "त्याचा तुमीच मोडलाय. माजं नाव लिवा."

"पण घराचा कर्ता..."

"लिही नामा," ललिता म्हणाली. "नियमात अंगठा उजवा पाहिजे म्हटलंय. कुणाचा ते नाही म्हटलेलं."

नामाने मान खाली घालून लिहिलं. गोदाने अंगठा शाईत बुडवून वहीवर दाबला, जरा जास्तच जोराने. खालच्या दोन पानांवर खळगा उमटला. मग रंगाऱ्याने कुडावर पांढरा एक आकडा काढला आणि त्याखाली तिचं नाव.

चांगो चांगल्या डोळ्याने ते बराच वेळ बघत राहिला. "म्हंजे आता मी तुज्या घरात ऱ्हातो?"

"हा," गोदा म्हणाली. "आन आता कुनी हो म्हनायला लावलं, तर आदी मला इचारायचं."